बारा बैठकांचं पॅकेज एकरकमी घेऊ नका

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. पती अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत, हातात 62 हजार येतात. ताई एका कॉलेजच्या ऑफिसात, 38 हजार. मुलगा नववीत, सासूबाई सोबत. पतीने धाकट्या भावाच्या दुकानासाठी घरात न सांगता 4 लाखांचं पर्सनल लोन काढलं आणि हप्त्याचा मेसेज मोबाइलवर दिसला तेव्हा ताईंना ते कळलं. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. आता दोघं कौटुंबिक समुपदेशनाला जायला तयार झालेत; पती कुरकुरत, "घरची भांडणं पैसे देऊन बाहेर सांगायची का?" म्हणत. एका बैठकीचे 1,500 रुपये, पण 12 बैठकांचे पैसे आगाऊ भरले तर 15 हजार. ताईंचा प्रश्न असा, की यासाठी माहेरच्या पैशांची 80 हजारांची एफडी मोडू, की मुलासाठीची महिना 5 हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवू?

ताई, दोन्ही नको. आणि पॅकेजही आत्ताच नको.

सुट्या दराने 15 हजारांत 10 बैठका होतात. म्हणजे पॅकेज परवडतं ते अकराव्या बैठकीपासून. तुमचे पती चौथ्या बैठकीनंतर यायचे थांबले, तर सुटे पैसे देऊन तुमचे 6 हजार गेले असते, पॅकेजमध्ये 15 गेलेले असतील. शिवाय त्या समुपदेशकाशी तुमचं दोघांचं जमतंय का, हेही अजून ठरायचंय. पहिल्या तीन-चार बैठका सुट्या करा. पहिल्याच दिवशी त्यांचं शिक्षण, अनुभव आणि बैठक रद्द केली तर पैसे कापतात का, हे सरळ विचारा. विचारायला लाजू नका, फी तुम्ही भरताय.

पैसे कुठून? पहिला महिना आठवड्याला एक बैठक धरली तर 6 हजार, पुढे पंधरवड्याला एक धरली तर महिना 3 हजार. एक लाखाच्या घरात हे चालू पगारातून निघतं, फक्त चार महिने हॉटेल, ऑनलाइन खरेदी आखडती घ्यावी लागेल. फी मात्र दोघांनी भरा, पगाराच्या प्रमाणात. 1,500 मधले 930 त्यांचे, 570 तुमचे. सगळी फी एकट्या तुम्ही भरलीत तर "तुझी हौस" हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळेल. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो वेळेवर येतो, हा माझा अनुभव आहे.

खरी तयारी वेगळीच आहे. तुमचं भांडण पैशावरून आहे, आणि पैशाचे आकडे दोघांपैकी एकालाच पूर्ण माहीत आहेत. असंच गेलात तर पहिल्या दोन बैठका "किती घेतले, कधी घेतले, अजून काही आहे का" यातच जातील. तासाला 1,500 देऊन हिशेब शोधायचा नसतो, तो घरून करून न्यायचा. तुमच्या मनात जे आहे, विश्वास, दीर, सासूबाई, त्यासाठी तो तास राखून ठेवा.

म्हणून जाण्याआधी एक रविवार काढा. दोघांनीही आपापला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढायचा. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक ब्युरोला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. मग ते एकमेकांना द्यायचे. त्यात प्रत्येक कर्जापुढे मालकीचा रकाना असतो: एकट्याचं, संयुक्त की जामीनदार. तिसरा शब्द नीट बघा. पती कुणाला जामीन राहिले असतील तर तेही तिथे दिसतं. सोबत कर्जाचं मंजुरीपत्र आणि खात्याचा उतारा घ्या. व्याजदर तुम्ही लिहिलेला नाही. 14 टक्के आणि 4 वर्षं धरली तर हप्ता साधारण 10,900 आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या घरात. पहिल्या महिन्याचं व्याजच 4,600 च्या वर, म्हणजे तीन बैठकांची फी. पतींची कुरकुर पुन्हा सुरू झाली तर हा आकडा त्यांना दाखवा, टोमणा न मारता. हप्ता दीर भरतात की तुमच्या घरातून जातो, हे उताऱ्यावरून कळेल. कर्ज एकट्या पतींच्या नावावर असेल आणि तुम्ही कुठे सही केलेली नसेल, तर ते फेडण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. यापुढे मात्र न वाचता सही नको. दिरांना पहिल्या बैठकीला बोलवायचा आग्रहही नको. आधी तुम्हा दोघांचा हिशेब जुळू दे.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरावे लागतात हे खरं, पण नवरा-बायकोतला बेबनाव हा आजार नव्हे, आणि साध्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बहुधा नसतोच. पतींच्या एचआरला मात्र विचारा. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याला आणि कुटुंबाला काही समुपदेशन फुकट देतात, आणि कुणी मागत नाही म्हणून ते पडून राहतं. फुकटच्या वाटा आणखीही आहेत. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा न लावताही मध्यस्थी मागता येते, आणि स्त्रियांना तिथली विधी मदत उत्पन्न न बघता मिळते. रात्री-बेरात्री तुमचाच जीव घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तुम्ही लिहिलंय की पतींनी कधी हात उचललेला नाही. तसं कधी झालं तर मात्र समुपदेशन बाजूला ठेवून आधी 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

एफडी का मोडायची नाही? ती एकट्या तुमच्या नावावर आहे, पैसा माहेरचा आहे, कायद्याने तो पूर्णपणे तुमचा. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापेल, पण ते दुय्यम. घरात एवढं अस्थिर असताना तुमच्या हाताशी तुमची स्वतःची रक्कम असलीच पाहिजे. त्या पैशांतून दिरांच्या कर्जाचे हप्ते भरायची सूचना पुढे येईल, बैठकीतही येईल. तिथल्या तिथे होकार देऊ नका; घरी या, आकडे मांडा, मला लिहा.

एसआयपी चालू राहू दे. कुठल्या महिन्यात अगदीच ओढाताण झाली, तर फंडाकडे दोन-तीन महिन्यांपुरती स्थगिती मागता येते का बघा. बंद करायची गरज नाही.