मेक्सिकोचा माजी राष्ट्राध्यक्ष विसेंते फॉक्स याचं आत्मचरित्र वाचावं का? मेक्सिकोचं राजकारण आणि मायग्रेशन कळेल का त्यातून?

वाचा, पण सगळंच खरं धरून नको. २००७ मध्ये इंग्रजीतच आलं, म्हणजे वाचक कोण धरलाय ते कळतंच. फॉक्स आधी कोका कोलाचा मेक्सिकोतला बॉस, मग २००० साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि पीआरआय पक्षाची ७१ वर्षांची सत्ता गेली, हे खरंच मोठं काम होतं.

मायग्रेशनचा भाग मला जास्त आवडला, कारण ह्याचे आजोबाच अमेरिकेतल्या सिनसिनाटीहून नशीब काढायला मेक्सिकोत आलेले, म्हणजे उलटी गंगा! सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यात हा वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश याला भेटून आला, अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या मेक्सिकन लोकांना कायदेशीर करायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि चारपाच दिवसांत ९/११ झालं, विषयच संपला. २००६ मध्ये त्याच बुशने सुमारे ७०० मैल कुंपणाच्या कायद्यावर सही केली. पुस्तकात बुशच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशलाही चिमटे काढलेत, मजा येते.

बाकी संसदेत बहुमत नव्हतं म्हणून सुधारणा अडकल्या वगैरे, ते सगळं स्वतःची बाजू मांडणंच आहे. नेत्यांची आत्मचरित्रं अशीच असतात म्हणा.