चेंबर फियाटचं, पण कुठल्या फियाटचं?

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९७८ची पेट्रोल प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आहे. सोसायटीच्या गेटपाशी नवा स्पीडब्रेकर झालाय, त्यावर ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची परात) जोरात घासलं. तेल गळत नाही, पण खालून मोठा पोचा आलाय. तेव्हापासून इंजिन गरम झालं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. मेकॅनिक म्हणतो दुसरं चेंबर टाका. कुर्ल्याला एकाने ‘पद्मिनीचंच आहे’ म्हणून दाखवलं, ते आमच्यापेक्षा खोल वाटतं. पद्मिनी ज्या फियाट ११००डीवरून आली, तिचं इटलीतून मागवता येतंय. कुठलं घेऊ?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पहिलं काम म्हणजे गाडी चालवणं थांबवा. चेंबर नुसतं गळत असतं तर मी इतकी घाई केली नसती. गळणारं चेंबर फरशीवर डाग पाडून निदान वर्दी तरी देतं. तुमचं गळत नाही आणि दिवा लुकलुकतोय, म्हणजे पोचा आत चढून ऑइल पंपाच्या जाळीला (चेंबरमधलं तेल पंप या जाळीतून ओढतो) भिडला असण्याची दाट शक्यता आहे. जाळी आणि चेंबरचा तळ यांत साधारण ६ ते ९ मिलिमीटर मोकळी जागा लागते. ती बुजली की पंपाला पुरेसं तेल ओढता येत नाही. गरम तेल पातळ असतं, आयडलिंगला पंपही हळू फिरतो, म्हणून दिवा नेमका तेव्हा दिसतो. गाडी पळवली की तो विझेल. त्यावर विसंबून नाशिकला जाऊन यायचा विचार असेल तर क्रँकच्या बेअरिंगांचे पैसे आधी बाजूला काढा.

कुठलं घ्यायचं? माझं ऐकाल तर आधी कुठलंच घेऊ नका, तुमचंच सरळ करून घ्या. खाली चुंबक लावून बघा. चिकटला तर चेंबर पत्र्याचं, आणि पत्रा ठोकून सरळ होतो. ॲल्युमिनियमचं असतं तर पोचा येण्याऐवजी बहुधा तडा गेला असता आणि आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागला असता. चेंबर उतरवा (क्रॉसमेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या दांड्याला, अडकलं तर ओढाताण करू नका, इंजिनाची माउंटिंग सोडून ते थोडं उचला), स्वच्छ धुवा आणि जुन्या हाताच्या डेंटरकडे न्या. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत असे हात अजून आहेत. आतून लाकडी मोगरीने ठोकलं की बराचसा पोचा निघतो. काठही तपासा: वर्षानुवर्षं बोल्ट आवळून भोकांभोवतीचा पत्रा वर उचललेला असतो. स्टीलची पट्टी ठेवून बघितलं की खालून उजेड दिसतो. तो काठ सपाट केल्याशिवाय कुठलंही गॅस्केट (चेंबर आणि इंजिन यांच्या मधली गळती रोखणारी पट्टी) टिकत नाही.

ठोकून झालं की पत्रा कुठे फाटलाय का ते बघायचं. खडूची पूड पाण्यात कालवून बाहेरून फासा, वाळू द्या, आत रॉकेल ओतून रात्रभर ठेवा. रॉकेल आता मिळतंय कुठे म्हणा, डिझेल चालेल. सकाळी पांढऱ्यावर ओलं वर्तुळ दिसलं तर तिथे पितळी झाळ मारून घ्या.

पत्रा गंजून चाळण झाला असेल तरच बाजारात जा, आणि जुनं चेंबर काखोटीला मारून जा. बाजारात ‘फियाटचं’ हा शब्द फार सैल वापरतात. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीत निसानचं ११७१ सीसी इंजिन होतं, आणि पद्मिनीला पुढे डिझेल इंजिनही आलं. तुमचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन वेगळ्या घराण्यातलं, त्याचं मूळ इटलीत १९३७पर्यंत जातं. इटलीच्या मालाबद्दल तर जास्तच सावध राहा. तिकडे ११००डी नावाने जी गाडी विकली गेली तिचं इंजिन १२२१ सीसीचं होतं. आपल्याकडच्या ११००डीत १०८९च राहिलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ७५ मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) तिकडे ७२ आणि इकडे ६८. म्हणजे नाव तेच असून इंजिन तेच नाही. विकणाऱ्याकडून काठाचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

दुकानात बघताना काठावर गॅस्केट पेपर ठेवून भोकांचा ठसा घ्या आणि दोन्ही चेंबरांवर तो लावून बघा. भोकं जुळली म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. पुढच्या टायमिंग कव्हरखालची आणि मागच्या बेअरिंग कॅपखालची अर्धगोल कमान जुळली पाहिजे, नाहीतर तिथूनच गळणार. मग खोलगट भाग पुढे आहे की मागे ते बघा. एकच इंजिन दोन वेगळ्या गाड्यांत बसवताना क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगचे रॉड चुकवण्यासाठी कारखाने हा भाग हलवतात.

तुम्हाला दाखवलेलं खोल चेंबर मी घेणार नाही. तुमच्या पंपाची जाळी त्यात तळापासून उंच लटकेल. घाटात किंवा जोरात ब्रेक मारल्यावर तेल सरकलं की ती हवा ओढेल. शिवाय ते जमिनीच्या अजून जवळ, आणि स्पीडब्रेकर तर तिथेच आहे.

घेतलेलं असो की दुरुस्त केलेलं, पक्कं बसवण्याआधी एक परीक्षा घ्याच. गणपतीची उरलेली शाडू असेल तर तिची गोळी जाळीच्या तोंडावर चिकटवा, गॅस्केट कोरडंच ठेवून चेंबर चार बोल्टांवर बसवा, परत काढा आणि दबलेल्या शाडूची जाडी मोजा. ६ ते ९ मिलिमीटर भरली तर उत्तम. गोळी नीट काढून टाका, कण जाळीत राहता कामा नये. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवून क्रँक कुठे घासत नाही ना ते ऐका. चेंबर दुसरं असेल तर जुन्या डिपस्टिकवर भरवसा ठेवू नका. गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढं तेल मोजून ओता, इंजिन थोडा वेळ चालवा, तेल खाली उतरू द्या आणि पातळी येईल तिथे नवी खूण करा. एवढं करूनही दिवा लुकलुकला तर दिव्याच्या स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून खरा आकडा बघा.

हल्ली हे सामान मिळणं अवघड होत चाललंय, ते खरं आहे. काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर तिच्या जिवावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची स्पेअर पार्टची दुकानं चालायची. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. म्हणून म्हणतो, नवं मिळालं तरी जुनं चेंबर भंगारात देऊ नका. तेल लावून माळ्यावर ठेवा.

प्रश्न : कॉर्कचं गॅस्केट दोनदा बदललं तरी चेंबर गळतं. मेकॅनिक सिलिकॉन भरपूर लावू म्हणतो. लावू द्यावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : भरपूर नको. बोल्ट आवळल्यावर जास्तीचं सिलिकॉन आतही तेवढंच बाहेर येतं, त्याच्या शेवया तुटून तेलात पडतात आणि जाळीवर जाऊन बसतात. कमानींच्या कोपऱ्यांत वाटाण्याएवढा ठिपका पुरे. दोनदा गळलं म्हणजे काठ वाकलाय किंवा कॉर्क आवळून चिरडलंय. छोट्या पान्याने, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घ्या.

प्रश्न : माझी फियाट १९६८ची आहे. दुसऱ्या गाडीचं चेंबर बसवलं तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज धरतात, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, चेंबरवर नाही, त्यामुळे चेंबर हा मोठा बदल ठरू नये असं माझं मत. पण बसवण्यासाठी क्रॉसमेंबर कापायला कोणी सांगत असेल तर कापू देऊ नका. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रोज वापरायची असेल तर साधी नोंदणीच बरी.