सोमवारी शाळा नाही

“मॅडम, आमच्या इथली शाळा ऑगस्टपासून आठवड्यातून चारच दिवस भरणार आहे. मुले मागे पडतील का?” अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या एका लहान गावातून एका आईने समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते आणि पुण्यात माझा सकाळचा चहा व्हायचा होता. तिकडच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या मराठी पालकांकडून हा प्रश्न आता मला अधूनमधून येतो. म्हणून या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मराठी कुटुंब तिथल्या मक्या-सोयाबीनच्या शेतांमध्ये कसे जाऊन पडले, असे वाचकांना वाटेल. नवरा डॉक्टर आहे. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, पूर्ण करणाऱ्या परदेशी डॉक्टरला एरवी दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. मात्र डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याचे बंधन पत्करले, तर ही अट माफ होऊ शकते आणि कॉनराड-३० या योजनेखाली प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. या कुटुंबाने तोच मार्ग घेतला होता. त्यामुळे शाळा पटली नाही तर गाव बदलण्याची सोय त्यांना तीन वर्षे नव्हती. बायको एम. कॉम. झालेली, पण अवलंबितांच्या व्हिसावर असल्याने सात वर्षे घरी. तिला काम करण्याची परवानगी नुकतीच हाती आली होती आणि गावातल्या बँकेत नोकरी लागून चार महिने झाले होते. थोरला मुलगा आठवीत जाणार होता, धाकटी तिसरीत.

“स्कूल डिस्ट्रिक्ट” म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते, पण ग्रामीण मिझुरीतला डिस्ट्रिक्ट म्हणजे अनेकदा दोन-तीन इमारती, काही शे मुले, पिवळ्या बसचा ताफा आणि गावानेच निवडून दिलेले शाळा मंडळ एवढाच असतो. अशा मंडळाला चार दिवसांच्या आठवड्याचा निर्णय स्वतः घेता येतो. राज्याची अट वर्षाला किमान १,०४४ तास अध्यापनाची आहे. ते किती दिवसांत भरायचे हे मंडळ ठरवते. २०२३-२४ च्या सुमारास मिझुरीतील जवळजवळ एक तृतीयांश डिस्ट्रिक्ट चार दिवसांवर आले होते आणि त्यांतले बहुतेक ग्रामीण होते. कॅन्सस सिटीला लागून असलेल्या इंडिपेंडन्ससारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टनेही २०२३ मध्ये हेच केले, तेव्हा शहरी पालकांतही खळबळ उडाली. पुढच्या वर्षी मोठ्या शहरी भागांसाठी आधी मतदान घेण्याची अट कायद्यात आली. लहान गावांना ती लागू नाही.

ही कल्पना नवीनही नाही. १९७३ च्या तेलटंचाईच्या काळात न्यू मेक्सिकोतील सिमरॉनच्या शाळांनी बसचे इंधन आणि इमारती गरम ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी एक दिवस कमी केला होता. पैसे वाचतील ही आशा आजही सांगितली जाते, पण २०११ च्या एका पाहणीत प्रत्यक्ष बचत अंदाजपत्रकाच्या ०.४ ते २.५ टक्क्यांच्या दरम्यानच आढळली. खरे कारण शिक्षक आहेत. शेजारचा डिस्ट्रिक्ट जास्त पगार देतो आणि या गावाकडे पैसा नाही. पगार वाढवता येत नसेल तर सुट्टी वाढवून द्यावी, असा तो हिशेब आहे. मला त्यात नाव ठेवण्यासारखे काही वाटत नाही. विज्ञानाला शिक्षकच नसलेली पाच दिवसांची शाळा काही कामाची नसते.

पहिल्या भेटीत आई जे बोलत होती, त्यातले अर्धे शब्द तिच्या सासऱ्यांचे होते. अण्णा साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले होते, “आम्ही शनिवारची सकाळची शाळा धरून सहा दिवस शाळा चालवली आणि तुम्ही अमेरिकेत जाऊन चार दिवसांवर आलात!” मुख्याध्यापकांना तासांच्या हिशेबाने उत्तर द्यावे, म्हणून मी आणि तिने कागद घेतला. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास असे किमान प्रमाण आहे. मिझुरीतले १,०४४ तास रोज सात तासांच्या अध्यापनाने साधारण १५० दिवसांत भरतात. दिवस कितीतरी कमी, तास मात्र आपल्या किमान प्रमाणापेक्षा अधिकच. अण्णांना तो कागद पाठवला. “हं,” एवढेच त्यांचे उत्तर आले.

मी मात्र तिला एक प्रश्न डिस्ट्रिक्टला विचारायला सांगितला आणि अशा प्रत्येक पालकाला मी तो विचारायला सांगते: पूर्वी वर्षाला प्रत्यक्ष किती तास होत होते आणि आता किती होणार? किमान मर्यादेपेक्षा शाळा आधीच बरेच तास जास्त घेत असेल, तर दिवस कमी करताना ते जास्तीचे तास गुपचूप गळून जातात. दोन्ही वर्षांची वेळापत्रके समोर ठेवल्यावर तिच्या शाळेत वर्षाकाठी साठेक तास कमी होत असल्याचे निघाले. रोजचा दिवस ३५ मिनिटांनी लांबला तरीसुद्धा. ऑरेगन स्टेट विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ पॉल थॉम्पसन यांच्या अभ्यासांतून हेच पुढे येते की, जिथे एकूण तास घटले तिथे गुणांना फटका बसला आणि जिथे तास सांभाळले तिथे फारसा फरक पडला नाही. रँड या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अहवालात मुले आणि पालक या पद्धतीवर बहुतांशी खूश दिसले, पण गुणांची वाढ पाच दिवसांच्या शाळांपेक्षा काही वर्षांत मंदावत गेल्याचेही आढळले. म्हणून “मुले मागे पडतील का” याला माझे उत्तर असे होते की, एका वर्षात कळेल इतकी नाही, पण हे साठ तास कुठे गेले याकडे डोळेझाकही करू नये.

येथे माझी चूक झाली. साठ तासांचा प्रश्न आहे तर साठ तास भरून काढू, असे समजून मी तिला सोमवारचे वेळापत्रक करून दिले. सकाळी वाचन, मग गणित, मग थोडे मराठी, दुपारनंतर खेळ. कागदावर ते फार छान दिसत होते. तिने ते आणखी छान केले: भारतातून मागवलेली बालभारतीची पुस्तके काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नऊ ते तीन शाळा सुरू केली आणि त्यासाठी बँकेतून ओळीने तीन सोमवार रजा घेतली. चौथ्या सोमवारी थोरला वही मिटून म्हणाला, “सगळ्यांना सोमवारी सुट्टी असते. मला तुझी शाळा असते.” त्याच आठवड्यात तिच्या मॅनेजरने सांगितले की, दर सोमवारी रजा चालणार नाही. त्या रात्री नवरा सहज म्हणाला, “एवढी ओढाताण होत असेल तर सोड ना नोकरी, आपले काही अडत नाही.”

हे वाक्य तिने मला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा रडली. नवऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे तीच मला पटवून देत होती. सात वर्षांनंतर मिळालेला पहिला पगार तिने अजून खर्चही केला नव्हता. मुले मागे पडतील ही भीती खरीच होती, पण तिच्या पोटात दुसरी एक भीती दडलेली होती की, शाळेने काढून घेतलेला दिवस न बोलता तिच्याच अंगावर येऊन पडणार आहे. डिस्ट्रिक्टने वाचवलेल्या दिवसाचे भाडे कोणीतरी भरतेच आणि ते बहुधा आई भरते. मी वेळापत्रक देऊन त्या भाड्याची पावतीच तिच्या हातात ठेवली होती.

वेळापत्रक बाजूला ठेवून मी तिला चार सोमवार आणि चार मंगळवार नुसते लिहून ठेवायला सांगितले. काही सुधारायचे नाही, फक्त नोंद. तिने पाठवलेल्या वहीच्या एका पानावर असे होते: “थोरला ९.४० ला उठला. दूध-सीरियल. ११ पर्यंत फोन. धाकटी टीव्हीसमोर. मी ओट्यावर दोन डबे ठेवून गेले होते, एकावर ‘१२ वाजता’, एकावर ‘३ वाजता’ अशी चिठ्ठी. दोन्ही ११ लाच संपले.” मंगळवारच्या पानावर: “५.५० ला उठवले. धाकटीचे पोट दुखते. बस ६.४५. बसमध्ये चढेपर्यंत रडली. शाळेतून फोन नाही, म्हणजे बरी असावी.” पुढच्या तीनही मंगळवारी पोट दुखलेले होते. बुधवारी मात्र एकदाही नाही, असे तिने सांगितले.

वहीने आमचे काम सोपे केले. धाकटीचे दुखणे अभ्यासाचे नव्हतेच. तीन दिवस उशिरा झोपून-उठून एकदम पहाटेची बस आणि पूर्वीपेक्षा लांब दिवस हे त्या वयाला जड जाते. त्याचा उपाय सोमवारी रात्री होता: साडेसातला जेवण, दप्तर दाराशी, आठ वाजता दिवा बंद. थोरल्याचा प्रश्न एकटेपणाचा होता. तेरा वर्षांच्या मुलाला दहा तास रिकामे घर आणि एक लहान बहीण सोपवणे ही त्याला दिलेली सुट्टीही नव्हे आणि जबाबदारीही नव्हे. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागाच्या एका अभ्यासात चार दिवसांच्या शाळेनंतर किशोरवयीनांचे गुन्हे वाढल्याचे दिसले होते, तो वाचून बाप घाबरला होता. मी त्याला सांगितले की, तुमचा मुलगा चोऱ्या करणार नाही, पण त्या आकड्यामागचा रिकामा दिवस तुमच्या घरातही आहे.

मग आम्ही एक भेट नवरा-बायको दोघांना समोर बसवून घेतली. त्या भेटीत मी मुलांविषयी जवळजवळ बोललेच नाही. सोमवार कोणाचा, एवढाच विषय होता. क्लिनिकच्या वेळा बदलत नाहीत असे तो म्हणाला. कधी विचारून पाहिले का, असे तिने विचारले. विचारले नव्हते. दोन आठवड्यांनी त्याला महिन्यातले दोन सोमवार दुपारनंतर मोकळे मिळाले, त्या बदल्यात दोन शनिवारी सकाळी काम. धाकटीला डिस्ट्रिक्टनेच शाळेच्या इमारतीत फी घेऊन चालवलेल्या सोमवारच्या केंद्रात घातले. “म्हणजे पाळणाघरच ना” म्हणून आईने ते आधी नाकारले होते. मुलगी मात्र पहिल्याच दिवशी दोन मैत्रिणी घेऊन परतली. थोरला बारापर्यंत घरी, नंतर चालत वाचनालयात. दुपारचे जेवण त्याने स्वतः करायचे. प्रेशर कुकरमध्ये वरण-भात लावायला तो शिकला आणि त्याचा फोटो त्याने अण्णांना पाठवला.

अभ्यासाचे म्हणाल तर धाकटीसाठी रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन आणि थोरल्यासाठी गणितात जे अडले तेवढेच, बाकी काही नाही. मराठी वाचन अण्णांकडे गेले. सोमवारी तिकडे सकाळचे आठ, इकडे संध्याकाळचे साडेसहा. निवृत्त मुख्याध्यापकांना शाळा परत मिळाली. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली आणि वर्ग अण्णांच्या मालिकेच्या वेळेवर आला, तेव्हा तो काही आठवडे बंदच पडला. आता शनिवारी होतो.

एक गोष्ट आईने सहज सांगितली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या दोघींच्या बोलण्यात डबा हा वेळेचा प्रश्न होता, पण धाकटीच्या वर्गातल्या काही मुलांना शाळेतले मोफत जेवण हाच दिवसाचा भरवशाचा घास आहे. शुक्रवारी दुपारी त्या मुलांच्या दप्तरात शाळा खाण्याची एक पिशवी ठेवते. अशा घरांतून मला कोणी फोन करत नाही.

वर्षअखेरीस राज्याच्या परीक्षेत धाकटीचे वाचन चांगले निघाले. थोरल्याचे गणित थोडे घसरले. सोमवारमुळे की आठवीतल्या बीजगणितामुळे, हे मी सांगू शकले नाही आणि तिने या वेळी ते ओढून विचारलेही नाही. बँकेने तिला कर्ज विभागात घेतले आहे. लांब सुट्टीनंतरच्या मंगळवारी धाकटीचे पोट अजून दुखते. मग आई तिला बसपर्यंत सोडायला जाते आणि दहा मिनिटे उशिरा कामावर पोहोचते. मॅनेजरला तिने ते आधीच सांगून ठेवले आहे.