शून्याने का भागायचं नाही, एकदा नीट समजून घे

हे बघ, "शून्याने भागलं की इन्फिनिटी" हे आधी डोक्यातून काढ. भागाकार म्हणजे उलटा गुणाकार, १२ भागिले ३ बरोबर ४, कारण चार त्रिक बारा. आता १२ भागिले ० काढायचं तर अशी संख्या हवी जिला शून्याने गुणलं की १२ येतील, आणि ती नाहीच ना, कशालाही शून्याने गुणलं की शून्यच. ० भागिले ० ला उलटा त्रास, तिथे ५ पण चालतात, ७०० पण चालतात, मग उत्तर कुठलं धरणार?

इन्फिनिटीचं म्हणशील तर १ ला ०.१, ०.०१, ०.००१ ने भागत जा, १०, १००, १००० असं वाढतं हे खरं, पण उणे ०.१, उणे ०.०१ घेतलेस की उत्तर उणे बाजूला पळत सुटतं, मग एकच उत्तर ठरत नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ० भागिले ० म्हणजे ० सांगितलं, भास्कराचार्यांनी १२व्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणून अनंत मानलं, एवढी मोठी माणसं इथे अडखळली, त्यामुळे तू गोंधळलास तर वाईट वाटून घेऊ नकोस.

खरी काळजी बीजगणितात घे. क्ष वर्ग = ५क्ष दिसलं की आपण दोन्हीकडचा क्ष उडवतो, आणि तिथेच क्ष = ० हे उत्तर हातातून जातं. त्यापेक्षा सगळं एका बाजूला आण, क्ष(क्ष − ५) = ० कर, ० आणि ५ दोन्ही मिळतात. काहीही उडवण्याआधी "हे शून्य असू शकतं का" हे बाजूला लिहीत जा, मी अजूनही लिहितो.