शब्दशंका : मख्तुमकुली आणि कुली कुतुबशहा

प्रश्न : तुर्कमेन कवी मख्तुमकुली आणि गोवळकोंड्याचे कुली कुतुबशहा यांच्या नावांतील 'कुली' एकच आहे काय? हमाल या अर्थाच्या 'कुली'शी त्याचे काही नाते आहे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नकारार्थी. अठराव्या शतकातील या कवीचे नाव तुर्कमेन भाषेत 'मग्तिमगुली' असे उच्चारतात. 'मख्तुमकुली' हे रूप रशियन लेखनातून रूढ झाले. त्यातील पूर्वपद अरबी 'मख्दूम' होय. ज्या धातूपासून आपल्या परिचयाचा 'खिदमत' शब्द आला, त्याच धातूचे हे कर्मवाचक रूप असल्यामुळे 'ज्याची सेवा करावी तो', म्हणजे पूज्य पुरुष, असा त्याचा अर्थ होतो, आणि माहीमचे संत मख्दूम अली माहिमी यांच्या नावात तोच शब्द आहे. तुर्कमेन समाजात 'मग्तिम' हे एका पवित्र मानल्या गेलेल्या कुळाचेही नाव आहे. (अशाच दुसऱ्या एका कुळाचे नाव 'मुजेवूर', म्हणजे आपल्या दर्ग्यांतले मुजावर!) म्हणून या नावातील मख्दूम एखादी व्यक्ती नसून ते कुळ असणेही मला संभवनीय वाटते.

उत्तरपद मात्र अस्सल तुर्की आहे. 'कुल' म्हणजे दास. मराठीत षष्ठीचा प्रत्यय स्वामीच्या नावाला लागतो. तुर्की भाषांत तसाच संबंध दाखवणारा 'ई' दासालाही लागतो आणि 'मख्दूमाचा दास' हा अर्थ सिद्ध होतो. आरंभीच्या 'क'चा तुर्कमेनमध्ये 'ग' होतो, म्हणून तेथील माजी राष्ट्राध्यक्षांचे नाव 'गुर्बानगुली' आहे. त्यातील 'गुर्बान' म्हणजे आपले 'कुर्बान'. 'फ'चा तसाच 'प' होतो. कवीचे टोपणनाव 'पिरागी' हे विरह या अर्थाच्या 'फिराक'पासून आले आहे.

गोवळकोंड्याच्या घराण्याचा संस्थापक सुलतान कुली हा इराणातील हमदानहून दख्खनेत आलेला, काराकोयुनलू तुर्कमानांच्या वंशातला होता, तेव्हा 'कुली' हे पद त्याच्या घरचेच. 1591 मध्ये हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुलीच्या नावाचा अर्थ 'मुहम्मदाचा दास' असा होतो. शाहजहानच्या काळात दख्खनची महसूलव्यवस्था लावणारा दिवाण मुर्शिद कुली खान हाही याच मालिकेतला.

हमाल या अर्थाचा 'कुली' सामान्यतः मजुरी या अर्थाच्या तमिळ 'कूलि'शी जोडतात. काही अभ्यासक तो 'कोळी' या जातिनामावरून आल्याचे मानतात.