९ वर्षांच्या मुलीसाठी स्लॅलम वॉटर स्की आणि बाइंडिंग कोणतं घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, राग मानू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथलीच लेक आता मेलबर्नला पाण्यावरून पळायलीय म्हणल्यावर भारी वाटलं खरंच.

तर तुमचं म्हणणं असं की पोरगी ९ वर्षांची, वजन २८ किलो, दोन स्कीवर मागच्या सीझनपासून नीट चालते, आता क्लबवाले म्हणायलेत एका स्कीवर, म्हणजे स्लॅलमवर घ्या, आणि दुकानदार ६३ इंची स्की अन् मोठ्या मापाचे बूट दाखवून म्हणतो की हेच घ्या, चार वर्षं बघायचं काम नाही.

घेऊ नका. मी पैठणचा, नोकरीमुळं ९ वर्षं फ्लोरिडात काढली, ऑर्लँडोच्या बाजूला जिकडं बघाल तिकडं तळी, शेजाऱ्याकडं स्कीची बोट होती आणि माझा पोरगा त्याच बोटीमागं शिकला. मी स्वतः काही मोठा स्कीयर नाही, मी बोटीत मागं तोंड करून लेकराकडं बघत बसणारा माणूस, पण असं बसून बसून पाय कसा सुटतो आणि कसा अडकतो हे मोक्कार बघितलंय.

आणि दुकानदार तुम्हाला सांगायलाय ती चूक मी करून बसलोय. आपल्याकडं शाळेचा ड्रेस घ्यायचा तर वाढत्या अंगाचा, चप्पल घ्यायची तर बोटभर मोठी, तीच सवय मी अमेरिकेत घेऊन गेलो. पोरगा १० वर्षांचा, त्याला दोन नंबर मोठे बूट असलेली स्की घेतली, वरून पायात जाड मोजे घालून दिले, आणि वर हुशारी मिरवली की बघा किती डॉलर वाचवले. तिसऱ्या दिवशी तो वळताना पुढं पडला, पुढच्या पायाची टाच बुटातून निघाली पण पंजा आतच अडकला आणि स्की तिकडं फिरली. मोडलं नाही नशिबानं, पण घोटा असा सुजला की तीन आठवडे लेकरू लंगडत होतं आणि पुढचा सगळा सीझन पाण्याजवळ गेलं नाही. वाचवलेले डॉलर डॉक्टरलाच गेले, ते वेगळं.

म्हणून आधी बाइंडिंग, म्हणजे पाय स्कीला धरून ठेवणारा बूट नाहीतर पट्टा, मग स्की. लोक उलटं करतात, स्कीच्या रंगावर भाळतात आणि बूट जे सोबत येतील ते.

बाइंडिंगचं काम दोन उलट्या गोष्टींचं आहे, चालताना पाय जराही हलू द्यायचा नाही आणि पडताना सोडून द्यायचा. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा पाण्यावर स्की केली तेव्हा त्यानं लाकडाच्या फळ्यांची टोकं आईच्या भांड्यात गरम पाण्यात उकळून वाकवली होती आणि पायाला नुसते चामड्याचे पट्टे, म्हणजे आपल्या वहाणेसारखंच. तिथून आता रबरी बूट, लेसचे बूट आणि झटका बसला की प्लेटसकट सुटणारे कडक शेलचे बूट इथपर्यंत आलंय. कडक शेलवाले तुमच्या पोरीसाठी नकोतच, ते किती जोरात सुटावं याचं सेटिंग असतं आणि २८ किलोच्या लेकराच्या वजनाला ते नीट बसवणं आपल्यासारख्याचं काम नाही.

मी असतो तर पुढच्या पायाला मऊ, लेसचा किंवा ॲडजस्ट होणारा बूट आणि मागच्या पायाला नुसता टो प्लेट, म्हणजे पंजा सरकवायचा पट्टा, असं घेतलं असतं. टो प्लेटचा फायदा हा की पाण्यातून उठताना मागचा पाय बाहेर ठेवून तोल सांभाळता येतो, उठल्यावर आत सरकवायचा, आणि पडलं की तो पाय लगेच मोकळा. दोन्ही पायांना बूट असले तर कंट्रोल जास्त येतो हे खरं, पण मग दोन्ही सारखेच घट्ट पाहिजेत. एक घट्ट आणि एक ढिला हे सगळ्यात वाईट, कारण एक पाय सुटतो आणि दुसरा तेवढ्या लांब फळीला बांधलेला राहतो. बाकी पूर्ण सेफ असं बाइंडिंग कुठलंच नसतं, हे मनात धरूनच घ्या.

माप बघायची पद्धत सांगतो. पाय ओला करा, भांडी घासायच्या लिक्विडमध्ये पाणी घालून बुटाच्या आत थोडं लावा, तसं केल्याशिवाय रबरात पाय जात नाही आणि लेकरू रडकुंडीला येतं. स्की सोफ्यावर किंवा दोन उशांवर आडवी ठेवा, फिन (स्कीच्या खालचं धातूचं पातं) खाली टेकवून फरशीवर उभं करू नका, नसता फिन वाकंल. मग तिला गुडघे वाकवून टाच उचलायला सांगा. टाच बोटाच्या पेरापेक्षा जास्त उचलली तर ढिलं. पाच मिनिटांत बोटं बधिर व्हायली तर घट्ट. पाय पिळून थोडा जोर लावला की निघाला पाहिजे, सहज नाही आणि ओढाताण करून पण नाही. मोजे घालून माप जुळवायचं नाही. ॲडजस्ट होणारा बूट घेतला तर दोनेक सीझन जातो, तेवढीच काय ती वाढत्या अंगाची सोय.

आता स्की. हिची लांबी उंचीवर नाही, वजनावर आणि बोटीच्या स्पीडवर ठरते. ६३ इंची म्हणजे मोठ्या पण हलक्या माणसाची झाली, २८ किलोला ती वळवताच येणार नाही, पोरगी नुसती सरळ जाईल आणि म्हणंल मला जमत नाही. ज्युनियर स्की साधारण ५४ ते ५८ इंचात मिळतात, त्यातलीच बघा, कंपनीच्या तक्त्यात तिचं वजन रेंजच्या मधोमध येतंय का ते तपासा. लई छोटी पण नको, छोटी बुडते आणि उठताना सगळा भार हातांवर येतो. रुंद अंगाची घ्या, रुंद स्कीखाली पाणी जास्त धरतं म्हणून ती कमी स्पीडला तरंगते, आणि तिला एका स्कीवर ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वर न्यायची आत्ता काहीच गरज नाही. स्पर्धेत मोठ्या बायका ५५ ला आणि पुरुष ५८ ला जातात, कार्बनच्या कडक अरुंद स्की त्या स्पीडसाठी, त्यांचं नाव काढू नका. एचओ, रडार, कॉनेली, ओब्रायन, ज्याचं ज्युनियर मॉडेल तुमच्याकडं मिळंल ते चालेल.

खाली जी पातळ धातूची फिन असते (माझे वडील तिला बघून म्हणले, हे तर कोळप्याचं फास आहे, कशात धरायचं?) ती कंपनीनं जशी बसवली तशीच राहू द्या. नेटवर लोक मिलिमीटरचा हिशोब लावत बसतात, ते लेकरांसाठी नाही.

जुनी घ्यायला हरकत नाही, लेकरांच्या स्की एक-दोन सीझन वापरून विकायला येतात. फक्त रबराला चिरा बघा, स्क्रूच्या भोवती तडे बघा, आणि उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं पूर्ण स्कीवर टिचक्या मारत जा, मध्येच कुठं बद्द आवाज आला तर तिथं थर सुटलाय, सोडून द्या. आणि घरी आणल्यावर दर वेळी पाण्यात जायच्या आधी स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू तपासायचे, ते ढिले होतातच.

एक सांगायचं राहिलं, कोणता पाय पुढं. लोक मागून ढकलून बघतात, कोणता पाय आधी पडतो म्हणून, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. दोन स्कीवर चालू असताना तिला एकेक स्की जरा वर उचलायला सांगा, ज्या पायावर ती जास्त वेळ निवांत राहते तो पुढं. तिच्या जुन्या जोडीत एका स्कीवर मागं एक जादा पट्टा असंल, कॉम्बो म्हणतात तसल्या जोडीला, तर नवीन काही घ्यायच्या आधी महिनाभर त्याच्यावरच एक स्की सोडून चालायची प्रॅक्टिस करा. तिला आवडलंच नाही तर पैसे तरी वाचले. हँडल मात्र बारीक दांड्याचं घ्या, मोठ्यांच्या हँडलवर लेकरांची बोटं पुरत नाहीत. जॅकेट अंगाबरोबरच, इथं पण वाढत्या अंगाचं चालत नाही, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत यायला नको.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की दिवाळीत गावी येताना स्की आणावी का, जायकवाडीत सराव होईल. आणू नका. जायकवाडीचा नाथसागर जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं बोटीमागं लेकरू ओढायचा विचार पण नको, शिवाय मासेमारीची जाळी कुठं पसरलीत ते वरून दिसत नाही. पोरीला गावाकडच्या विहिरीत मुटके मारायला न्या, कोणीतरी पोहणारं मोठं माणूस सोबत ठेवून. माझा पोरगा फ्लोरिडातल्या तळ्याला परत गेलाच नाही, पण इथं आल्यावर आमच्या मळ्यातल्या विहिरीवरून त्याला हाकलावं लागायचं.

तिच्या दोन्ही पायांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून खाली टाका, कागदावर उभं करून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. दोन पायांत थोडा फरक असतो, मोठा जो असंल त्यावरून बुटाचं बघू.