०.४७ वर प्रबंध उभा करण्याआधी

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. साहसोपचाराने (डोंगर-जंगलातल्या शिबिरात समुपदेशकांसोबत होणाऱ्या उपचाराने) किशोरवयीन मुलांचं नैराश्य कमी होतं, हे तू पहिल्याच पानावर सिद्ध झाल्यासारखं लिहिलं आहेस, आणि आधाराला बोवेन आणि नील यांच्या २०१३ च्या मेटा-विश्लेषणातला (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणाऱ्या अभ्यासातला) ०.४७ हा सुधारणेचा आकार. आकडा खरा आहे, १९७ अभ्यासांतून आलेला. पण त्याच लेखातले शेजारचे आकडे तू वगळलेस. दुसरे उपचार घेणाऱ्या तुलनागटांत ०.१४ सुधारणा दिसली, काहीच न मिळालेल्यांत ०.०८. म्हणजे ०.४७ हा आधी आणि नंतर यांतला फरक आहे. डोंगर, तंबू आणि समुपदेशक यांचं निव्वळ श्रेय त्याहून कमी.

त्यात आणखी एक मेख आहे. घरचे मुलाला पाठवतात ते परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर. सगळ्यात वाईट आठवड्यात घेतलेले गुण पुढे काहीही न करता थोडे सुधारतातच.

म्हणून नमुन्याचं, म्हणजे किती मुलं लागतील याचं, गणित ०.३३ वर (०.४७ वजा ०.१४) कर. ०.०५ पातळी (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला परिणाम सापडण्याची शक्यता) धरली तर ०.४७ ला दर गटात साधारण ७२ मुलं पुरतात, ०.३३ ला १४५ लागतात. शिवाय मुलं दहा-दहाच्या तुकड्यांनी जातात आणि एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी वागू लागतात. तुकडीअंतर्गत सहसंबंध, म्हणजे या सारखेपणाचं माप, ०.०५ जरी धरला तरी संख्या १.४५ पट होते, म्हणजे दर गटात २१० च्या आसपास. तुझ्याकडे एकूण तीस आहेत. तेव्हा ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकातून काढ.

तीस मुलांतही चांगलं काम होतं, पण आराखडा बदलावा लागेल. तीन तुकड्या सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने पाठव आणि सगळ्यांचं मोजमाप पहिल्या दिवसापासून दर पंधरा दिवसांनी सुरू ठेव. निघण्याआधी प्रत्येक तुकडीच्या किमान तीन नोंदी हव्यात, पाच मिळाल्या तर उत्तम. प्रत्येक तुकडीचा आलेख ती गेल्यानंतरच वळला तर काहीतरी घडलं म्हणता येईल. तिन्ही एकदम वळले तर परीक्षा संपली असेल! आपल्या तुकडीची वाट पाहणाऱ्या मुलांचं नेहमीचं समुपदेशन मात्र चालूच राहिलं पाहिजे.

पंधरवड्याच्या नोंदीला पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीची किशोरांसाठीची आवृत्ती चालेल, ती मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर त्याच दिवशी कुणी वाचायचं आणि पुढे काय करायचं, हे लेखी ठरवल्याशिवाय फॉर्म वाटू नकोस. पालकांसाठी निवडलेल्या एसडीक्यूमध्ये (मुलांच्या वागण्या-भावनांबद्दलची प्रश्नावली) तू एक चूक करतो आहेस: नेहमीची प्रत मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते. तीन आठवड्यांच्या शिबिरानंतर ती भरून घेतलीस तर मुख्यतः शिबिराआधीचेच दिवस मोजले जातील. पाठपुराव्याची वेगळी प्रत मागच्या एका महिन्याची आहे. ती घे, आणि मूल घरी परतून महिना झाल्यावर भरून घे. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती भरलेले फॉर्म तर नकोतच. त्या रात्री सगळेच सुधारलेले असतात.

अर्ध्यातून परतलेल्या मुलांना विश्लेषणातून गाळू नकोस. ज्यांना झेपलं नाही तीच वजा झाली तर सरासरी आपोआप वर जाते.

अमेरिकेतले आकडे सह्याद्रीला लावताना जपून. बेटमन आणि सहकाऱ्यांचं २०१६ चं विश्लेषण (३६ अभ्यास, २,३९९ जण) खासगी पैसे भरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं आहे. आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या गडभेटीत ना तो कालावधी, ना तो उपचारक.

तुझ्या आराखड्यात अपायाचा रकानाच नाही, याने मी सर्वांत अस्वस्थ आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये ‘बिघडलेल्या’ मुलांसाठीच्या निवासी कार्यक्रमांतल्या दहा मृत्यूंची छाननी केली, त्यांत जंगलातली शिबिरंही होती. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अशाच एका कार्यक्रमात १२ वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गुदमरून गेला. सरासरीत असं काही दिसत नाही. रोजची नोंदवही ठेव: इजा, पाण्याचं प्रमाण, झोप, चुकलेली औषधाची मात्रा, जबरदस्तीने धरून ठेवल्याचा प्रसंग, घरी जायची मागणी आणि तिचं काय झालं. पालकांची सही असली तरी मुलाची स्वतःची संमती वेगळी घे, आणि ती मागे घेतली तर त्याला कोण, किती तासांत खाली आणणार तेही लिही. हा भाग आधी पाठव, नमुन्याचं गणित त्यानंतर बघू.